पेपरवरचे थेंब

पेपर आजही ओला होता.

वरद गुडघ्यांवर हात टेकून त्या डागांकडे बघत राहिला. टेबलावर त्याचा कॉम्प्युटर पोट उघडून उभा होता. आत पारदर्शक नळ्या फिरवलेल्या, आणि माशांच्या टाकीचा छोटा पंप त्यांतून गुरगुरत पाणी खेळवत होता. गळती कळावी म्हणून खाली पेपर अंथरला होता; डाग बरोब्बर पंपाखाली होते.

"परत गळलं?" त्याच्या आईनं, लीलानं, दारातून विचारलं.

"हो ना."

"मग रे आता?"

"सगळं सोडवायचं, परत जोडायचं. परत दिवसरात्र नुसतं पाणी फिरवून बघायचं. पेपर कोरडा राहिला तरच कॉम्प्युटरला वीज द्यायची. नाहीतर एका थेंबात सगळं खलास."

लीला मान हलवून स्वयंपाकघरात गेली. तव्यावर घावण्याचं पीठ ओतताना तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. ते थेंब तिचेच होते.

रोज सकाळी वरद आंघोळीला गेला की ती तुळशीला पाणी घालून आत येई आणि तांब्यात बोटं बुडवून दोनचार थेंब पंपाखालच्या पेपरवर सोडी. मशीनला मात्र तिनं कधी हात लावला नव्हता. पोराच्या मेहनतीची नासाडी करायची नाही, एवढं पथ्य ती पाळत होती. तिला फक्त उशीर करायचा होता.

थोरला उन्मेष असाच गेला होता. डिप्लोमा झाला आणि महिन्याभरात पुण्याला. "सहा महिन्यांत परत येतो," म्हणाला होता. आता गणपतीला येतो, आरतीला उभा राहतो आणि गौरी जायच्या आत परतीचं तिकीट काढून मोकळा होतो. दर मोसमात हापूसची पेटी तेवढी त्याच्या घरी जाते. लीलाला त्या पेटीचा हेवा वाटे.

आणि आता धाकट्याचं हे खूळ. गेमचा कॉम्प्युटर म्हणे पंख्यानं थंड होत नाही. तासाभरात तापतो आणि बंद पडतो. वैशाखात रत्नागिरीची माणसं घामानं निथळतायत आणि या यंत्राला थंड पाण्याचे लाड. वरदनं पाणी निववायला भंगारातून जुन्या गाडीच्या रेडिएटरची जाळी आणली, चिंच लावून घासली. तापणाऱ्या चिपवर बसवायला तांब्याचा ठोकळा लेथवाल्याकडून घडवून घेतला. नळ्यांच्या क्लिपा होत्या त्याच्या वडिलांच्या, चिंतामणींच्या, कलमांवर औषध फवारायच्या पंपाच्या. घरात नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं, त्यावर कुठल्या परदेशी पोरांना विचारून विचारून हा कारखाना चालला होता.

लीलानं तेही चालवून घेतलं असतं. पण एकदा तिनं त्याला फोनवर ऐकलं. "मशीन झालं की लगेच कळवतो, सर. हो, सोमवारपर्यंत. माझी तयारी आहे."

"कोण रे?" तिनं विचारलं.

"पुण्याची गेमची कंपनी आहे. होऊ दे, मग सांगतो."

गेल्या वर्षी मुंबईची नोकरी हातात यायच्या आधीच त्यानं आळीभर सांगितली होती, आणि ती गेली. तेव्हा लीलानंच बजावलं होतं, काम होईस्तोवर ब्र काढायचा नाही. आता तो खरंच काढत नव्हता.

चिंतामणींना तर काही विचारायची गरजच वाटत नव्हती. "अगो, यंत्र झालं की हाही उडाला समज," बागेतून आल्या आल्या ते म्हणाले. "थर्माकोलचा केवढा खोका जपून ठेवलाय बघितलास? मग आपण दोघं आणि ही कलमं."

शनिवारी वरद जेवायला उठलाच नाही. लीला पान वाढून त्याच्या खोलीत घेऊन गेली. क्लिपा पिळून पिळून त्याची बोटं सोलली होती.

"आई, माझं काय चुकतंय तेच कळत नाही. एकेक जोड हातानं चाचपून बघतो, कुठे ओल नाही. आणि सकाळी पेपर भिजलेला."

लीलानं पान त्याच्यापुढे सरकवलं. सांगून टाकावं असं अगदी जिभेवर आलं. पण मग तिला उन्मेषची रिकामी खोली आठवली. "एखादी गोष्ट नसते व्हायची रे," ती म्हणाली. "जेव आधी."

रविवारी सकाळी तांब्या हातात घेऊन ती पेपरपाशी जरा थबकली. पेपर खडखडीत कोरडा होता. तिनं डोळे मिटून बोटं झटकली.

वरदनं या वेळी काही सोडवलं नाही, जोडलं नाही. पंप बंद केला आणि पुण्याला फोन लावला. "नाही झालं, सर. गळतंय अजून. हो, समजलं."

लीलाचा जीव भांड्यात पडला. तिनं फणसाचे गरे काढले, रस गाळला आणि वरदला आवडतं तसं सांदण उकडायला ठेवलं. "राहिला हो पोर," चिंतामणी हळूच म्हणाले. ती नुसती हसली. बऱ्याच दिवसांनी तिला घर भरल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी ती सांदणाची ताटली घेऊन बाहेर आली, तर वरद ओटीवर बॅगेची चेन ओढत होता.

"कुठे निघालास?"

"पुण्याला. उद्यापासून तिथल्या ऑफिसात कामावर बोलावलंय. मशीन राहू दे इथेच, बाबांच्या क्लिपा तेवढ्या काढून ठेवल्यात."

"पण तुझं मशीन झालं नाही ना?" लीलाला काही कळेना. "मग आता कशाला बोलावतात?"

वरद तिच्या पाया पडायला वाकला. "झालं नाही म्हणूनच," तो म्हणाला. "दिवसभर न थांबता चालणारं मशीन असतं, तर त्यांचे गेम तपासायचं काम मला इथे घरात बसूनच करता येणार होतं, आई. कायमचं."