पिवळ्या कमळाची राखण

सोम्या राखुंडीनं दात घासत तळ्यापाशी आला आणि त्याचं बोट तोंडातच राहिलं. फूल नव्हतं. ताटाएवढी गोल पानं पाण्यावर पसरली होती, पण मधली जागा रिकामी होती.

जव्हार संस्थानच्या कारभाऱ्यांच्या बंगल्यामागं हे लहानसं तळं होतं. कारभाऱ्यांनी पिवळ्या कमळाचा कंद कलकत्त्याहून मागवला होता आणि तळ्यात दुसरं काहीही लावू दिलं नव्हतं. पावसाळा सरताना पहिलं फूल आलं. मग फुलापेक्षा त्याची बडदास्त मोठी झाली. साखरशेत गावच्या सोम्याला राखणीला आणलं, बागेच्या कडेला खोपट दिलं. "फुलाला जो हात लावील, त्याला कचेरीसमोर फटके," असं कारभाऱ्यांनी बजावलं होतं. कारभारी माणूस चांगला, पण दिलेला शब्द कधी मोडत नसे, ही त्याची एकच वाईट खोड.

सोम्याची बायको रुपी त्या फुलावर भाळली होती. पहिल्या दिवशी ते पाण्याच्या वर वीतभर मान काढून उमललं, तेव्हा ती हातातला झाडू टाकून बघतच बसली. "मी हळदीत पण एवढी पिवळी नव्हते," असं म्हणून हसली होती. काल सांजेला मात्र फुलानं मान टाकली, मिटून पाण्याला टेकलं.

"आता कुजून जायचा," रुपी म्हणाली होती. "त्यापरीस माझे डोक्यात शोभला असता."

इतक्या वर्षांच्या संसारात रुपीनं सोम्याकडं कधी काही मागितलं नव्हतं, म्हणूनच ते त्याच्या जिवाला लागलं होतं.

आणि आता समोर रुपीच होती. तळ्याच्या काठी वाकून ओला चिखल हातानं सारवत होती. चिखलात पावलं उमटली होती आणि ती एकेक पाऊल पुसत होती. सोम्याची चाहूल लागताच दचकली, हात लुगड्याला पुसले आणि बंगल्याच्या दिशेनं निघून गेली.

सोम्याला काय ते कळलं. राग आला नाही. बाईनं जन्मात एक गोष्ट मागितली, नवऱ्यानं दिली नाही, म्हणून तिनं स्वतःच घेतली. मग फटके खरे कुणाच्या वाट्याचे? रुपीवर त्याचा फार जीव होता. तसं तोंडानं सांगणं काही त्याला कधी जमलं नव्हतं. त्यापेक्षा पाठीवर वळ घेणं सोपं. चूळ भरून तो तडक बंगल्याच्या ओसरीवर गेला.

कारभारी चहा घेत होते.

"सरकार, फूल मी खुडला," सोम्या म्हणाला.

कारभाऱ्यांनी कप खाली ठेवला. "तूही?"

तेव्हा कुठं सोम्याला खांबाआड उभी असलेली रुपी दिसली.

"तो खोटा बोलतो, सरकार," ती खाली बघत म्हणाली. "मीच खुडला. काठावर माझी पावलं होती. ती पण मीच पुसली."

सोम्या तिच्याकडं बघत राहिला. तिनं पुसलेली पावलं त्याच्या डोळ्यांपुढं आली. ती रुंद होती, अंगठा बाहेर वळलेला. ती रुपीची नव्हतीच.

"ती तर माझी पावलं, रुपे."

"म्हणून तर पुसली." रुपी त्याच्याकडं वळली. "मी मागला, म्हणून तू खुडला. मग फटके तू कशाला खायचे?"

"मी गेलतो काठाशी, सांजचा. पण हात धजला नाय."

"म्हंजे तू नाय खुडला?"

"नाय. तू?"

"मी पण नाय."

दोघं एकमेकांकडं बघत राहिली, समोर कारभारी बसलेत याचं भानही त्यांना उरलं नाही.

कारभाऱ्यांनी काठी उचलली. "चला, चोर शोधू," ते म्हणाले आणि पुढं झाले. दोघं मागोमाग तळ्यावर आली. काठावरून वाकून कारभाऱ्यांनी काठीच्या टोकानं रिकाम्या जागेलगतचं मोठं पान बाजूला सारलं. खाली पाण्यात, फुलणं सरल्यावर आपसूक बुडालेलं पिवळं फूल अख्ख्या देठावर मिटून बसलं होतं.