एलिसेओची पाळी

बेसबॉलचा सामना बरोबरीत, शेवटचा डाव, दोन गडी बाद, तिन्ही बेसवर आपली माणसं. आणि पाळी कोणाची, तर एलिसेओची. कप्तान एव्हेलियोने कपाळाला हात लावला.

साखर कारखाना बंद पडला, त्याच्यामागून संघही मोडला. तरी ही म्हातारी मंडळी दर रविवारी जमायची आणि इमानेइतबारे हरायची. कारखाना चालू होता तेव्हा तरी कुठे जिंकली होती म्हणा. एलिसेओ देश सोडायला टायरच्या ट्यूब आणि फळ्यांच्या तराफ्यावर बसून समुद्रात गेला, तो गेलाच. त्याचं नाव मात्र यादीतून कुणी काढलं नाही; पाळी आली की जागा रिकामी ठेवायची, समोरच्याने तीन चेंडू सरळ टाकायचे, बाद म्हणायचं.

पण एव्हेलियोला मरायच्या आत एकदा तरी जिंकायचं होतं. तो एलिसेओच्या बायकोपाशी गेला.

"वहिनी, आजच्यापुरता बदली देऊ का? बेकरीवाला तयार बसलाय."

नेरेयदा पंख्याने वारा घेत होती. "बदली आला की आधीच्याला परत घेत नाहीत ना?"

"त्या सामन्यात नाही घेत."

"मग तुम्हीच ठरवा, भावजी. कप्तान तुम्ही."

एव्हेलियोला तिच्याकडे बघवेना. तो माघारी आला आणि म्हणाला, "टाक रे, तातो."

समोरचा तातो हसला. "हातचा विजय सोडतोस?"

त्याचा पहिला चेंडू बाहेर गेला. दुसरा त्याहून बाहेर.

"अरे, समोर कुणी नाही, भितोस कुणाला?" त्याच्याच संघातलं कुणीतरी ओरडलं.

तातो आता हसत नव्हता. त्याने तळवा विजारीला पुसला. तिसराही बाहेर. चौथाही.

"अगदी अंगावर येऊन उभा राहतो हा," तो पुटपुटला. "टाकायचं तरी कुठे?"

चार चेंडू बाहेर, म्हणजे फलंदाजाने चालत पहिल्या बेसवर जायचं. बाकीचे एकेक बेस पुढे, तिसऱ्या बेसवरचा घरच्या बेसवर, म्हणजे धाव आणि विजय. फक्त फलंदाजाचा पाय बेसला लागायला हवा.

अंपायर त्या रिकाम्या वाटेकडे बघत राहिला. बेकरीवाला उठला, तसा एव्हेलियोने त्याचा दंड धरून त्याला खाली बसवला. आयुष्यभर जिंकलो नाही, आजही नाही जिंकलो तर नाही.

"किती वेळ बघायची वाट?" अंपायरने हळूच विचारलं.

नेरेयदाचा पंखा थांबला होता.

"सावकाश जाऊ द्या," ती म्हणाली. "गुडघा दुखतो त्यांचा."