छपरांचा उतार

"उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही!" काकांनी दारात हात आडवा धरला.

बाहेर शुचिनआत्या उभी. एका हातात बोचकं, दुसऱ्या हातात शेवयांची पोळी लाटायचं लांबलचक लाटणं. नवरा गेला आणि महिना भरायच्या आत दिरांनी तिला घराबाहेर काढलं. मग ती माहेरी नाही येणार तर कुठे जाणार?

"दादा, पूर्वेच्या खोलीत पडून राहीन. माझं मी लाटून खाईन."

"तिथे कोळसा आहे."

अंगणात पालक धुणाऱ्या श्याओमानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोळशाला जागा आहे, आत्याला नाही!

"दिली लेक म्हणजे फेकलं पाणी," काका म्हणाले. "तुझ्या पाठवणीला ह्याच दारातून मी तसराळंभर ओतलं होतं. विसरलीस? फेकलेलं पाणी कुणी परत भरतं का?"

आणि हे कोण बोलतंय? सकाळीच शहरातल्या पाहुण्यांपुढे हेच काका मिरवत होते. "बघा, चारही छपरं आत अंगणातच उतरलेली! बाहेरच्या अंगाला नुसती उंच भिंत. पाणी म्हणजे धन, शेजाऱ्याला थेंब मिळायचा नाही. आहे की नाही आमच्या पूर्वजांची अक्कल?"

"श्याओमान! ते पाणी फेक बाहेर. हिच्यादेखत. म्हणजे डोक्यात शिरेल."

आत्याने मान खाली घातली.

श्याओमानने पालकाच्या पाण्याचं तसराळं उचललं. पण दाराकडे गेली नाही. मका वाळत घालायची शिडी पूर्वेच्या छपराला लावलेलीच होती. ती सरसर चढली.

"अगं ए खुळे! दार इकडे आहे!" दार सोडून काका शिडीखाली धावले.

"फेकतेय ना, काका!"

तिने छपराच्या पार वरच्या टोकाशी, गल्लीकडच्या भिंतीला टेकून, तसराळं पालथं केलं. पाणी कौलांच्या पन्हळींतून खळखळत आलं आणि थेट अंगणात, काकांच्या नव्या कापडी जोड्यांवर कोसळलं. एका जोड्यावर पालकाचं पान चिकटून बसलं.

"फेकलं!" ती वरून ओरडली. "आता विचारा पूर्वजांना, गेलं कुठे ते!"

काका पायांकडे बघत राहिले.

दार मोकळं होतं. आत्याने लांब टांग टाकून उंबरठा ओलांडला, लाटणं भिंतीशी उभं केलं आणि हात पुढे केला.

"आण ते जोडे, दादा. वाळत घालते."