कोपरे गेलेला नट

"कुणी खोललं होतं हे याआधी? नट खोललाय की दात उपटलाय?"

मिस्त्री ट्रकच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसून पुटपुटत होते. अ‍ॅक्सल काढून बाजूला ठेवला होता. चाकाच्या मधोमध असलेल्या हबच्या आत बेअरिंग धरून ठेवणारा मोठा नट टॉर्चच्या उजेडात दिसत होता. त्याच्या सहा कोपऱ्यांपैकी चार गुळगुळीत झाले होते आणि एका बाजूला पत्र्याची पट्टी अडकून राहिली होती. नटावर चढवायचा सॉकेट एक नंबर मोठा घेतला की तो नटावर खुळखुळतो. मग फटीत पत्रा कोंबायचा, सॉकेटच्या दांड्याला पाइप लावायचा आणि जोर करायचा. काम होतं. नटाचं तोंड जातं.

मिस्त्रींचा मेहुणा वेल्डर होता. त्याने काच डोळ्यांवर ओढली आणि एक सळई जोडायला घेतली, जिला जोडायची काही गरज नव्हती. मिस्त्रींची बायको सुट्या भागांच्या काउंटरवर ग्रीसचे डबे पुन्हा एका रांगेत लावू लागली. मुलगी बाबांशेजारी फडक्याला हात पुसत उभी होती. हात स्वच्छच होते.

तिघांनाही माहीत होतं. चार महिन्यांपूर्वी हाच ट्रक होता, हेच चाक होतं, आणि खोलणारे, पुन्हा आवळणारेही मिस्त्रीच होते. मुलीने मापाचा सॉकेट पुढे केला होता. त्यांनी तो बाजूला सारून हत्यारांच्या बोर्डावरचा भलताच उचलला. तीस वर्षांत असं घडलं नव्हतं. नंतर मात्र घडत राहिलं. एकाच गाडीत दोनदा ऑइल ओतलं गेलं. हात धुऊन उठलेले मिस्त्री अर्ध्या तासाने परत ताटावर येऊन बसले. बायको म्हणाली, दमलेत. मेहुणा म्हणाला, वय झालं की व्हायचंच. मुलगी फक्त त्यांच्यामागून जाऊन एकेक नट तपासू लागली. डॉक्टरचं नाव कुणी काढलं नाही. काढलं असतं तर पुढचं सगळंच बोलावं लागलं असतं.

"काय रे, तेव्हा कोण होतं कामावर?" मिस्त्रींनी मेहुण्याला विचारलं.

"आता काय आठवतंय, दाजी," तो म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

"अगं, तू बघितलंस का कुणाला?"

"मी काउंटर सोडून कुठे हलते?" बायको डब्यांना म्हणाली.

मिस्त्रींनी मुलीला जवळ बोलावलं आणि तीन सॉकेट जमिनीवर मांडले. "हा बारा खाचांचा. टोकाटोकाला धरतो, जुन्या नटावर सटकतो, म्हणून बाद. हा सहाकोनी आहे, पण भिंत जाड, हबमध्ये शिरायचा नाही. हा बघ. पातळ, खोल, आणि मापाचा. आधी हाताने बसवायचा. तिळभरही हलता कामा नये. हलला तर तो आपला नाही, मग बोर्डावर कितीही शोभू दे." एकही शब्द चुकला नाही. मुलीने व्हर्नियर लावून पाहिला. माप बरोबर होतं. तिला त्याचाच जास्त त्रास झाला.

मिस्त्रींनी सॉकेट ठोकून बसवला आणि तळव्याने सरळ दाबून धरला. मुलीने पाइप ओढला. उरलेल्या दोन कोपऱ्यांनी इमान राखलं. टक्‌ आवाज झाला आणि नट सुटला.

नवा नट पुसून होत होता तेवढ्यात ड्रायव्हर आला. तो उंच होता, त्याला सगळे लंबूच म्हणत. "मिस्त्री, बारापर्यंत सोडा मला. पुढे सगळा उतार आहे. मागच्या वेळी अर्ध्या उतारावर हब एवढा तापला, की त्यातून धूर यायला लागला. बेअरिंग कुणी आवळलं होतं, त्याला एकदा माझ्या शेजारी बसवा. म्हणजे कळेल त्याला."

मिस्त्रींनी मुलीकडे पाहिलं.

"तू आवळलं होतंस?"

"हो," ती म्हणाली.

"मग आजपासून चाकाला हात लावायचा नाही. आईजवळ काउंटरवर बस."

सहा वर्षं ती हे काम शिकत होती. तिने व्हर्नियर डबीत ठेवला, डबी बंद केली आणि काउंटरकडे वळली. तिकडून आई बाहेर येत होती.

"अहो, तिने नाही," आई म्हणाली. "तुम्ही केलं होतंत. ती मापाचा सॉकेट देत होती, तो तुम्ही घेतला नाहीत."

मेहुण्याने काच वर केली. लंबू आपल्या चपलांकडे बघू लागला.

मिस्त्रींनी अडकलेली पट्टी पक्कडीने ओढून काढली होती. ती त्यांनी तळहातावर घेतली.

"काम माझंच आहे, ते दिसतंय मला," ते म्हणाले. "पत्रा असा दुहेरी मीच दुमडतो. सकाळपासून एकेकाला विचारतोय, कुणीतरी सांगेल म्हणून. शेवटी पोरीला काउंटरवर बसवायला निघालो, तेव्हा कुठे तुझं तोंड उघडलं. तुम्ही मला जपत बसलात आणि हा माणूस धूर निघणारं चाक घेऊन खाली उतरला."

त्यांनी पाइप मुलीच्या हातात दिला.

"आवळ तू. मी आवळलं की नाही, हे मला संध्याकाळी आठवणार नाही."