अर्जदाराचे समाधान

नव्या विकास आराखड्यात रुचीच्या बाबांच्या धानाला पाणी देणारी बोडी पिवळ्या रंगात गेली, म्हणजे तळं बुजवून तिथं घरं उठणार. हरकतींच्या सुनावणीत बाबांनी हात जोडले. “साहेब, आमचा धान त्याच पाण्यावर होते.” “सर्वे झाला तेव्हा पाणीच नव्हतं,” साहेब नकाशातून डोकं न काढता बोलले. “सर्वे कोणत्या महिन्यात केला?” रुचीनं विचारलं. “मे.” “मे महिन्यात बोडी कोरडीच राहते, साहेब. तेव्हाच तर आम्ही गाळ काढतो.” साहेबांनी छापील कागद सरकवला. “इथं सही करा.” बाबांनी सवयीनं पेन उचललं. रुचीनं कागद वाचला: ‘अर्जदाराचे समाधान झाले.’ तिच्या डोक्यात सणक गेली. पेन हिसकावून तिनं त्या ओळीवर कागद फाटेस्तोवर रेघ मारली. आधीच तसल्याच कागदावर अंगठा देऊन बसलेल्या शेजारच्या शेतातल्या मंदाबाई उठल्या. “माह्यावाला कागद काढा, साहेब. पोरी, तोही खोड.”