पितळी खिळा

गेम बनवणाऱ्या कंपनीच्या पत्राला आजोबांनी उत्तरच दिलं नव्हतं. ‘आमच्या नेमबाजीच्या खेळात पैसे भरून उघडायच्या बक्षिसांच्या पेट्या असतात. तुमच्या वडिलांच्या मेळ्यातल्या नशीबचक्रापाशी लोक कसे चिकटून राहायचे, ते सांगाल?’ घरचं बिंग फोडायची लाज वाटली होती. आज मात्र त्याच खेळात सामने जिंकणारी नात स्क्रीनवर चक्रासारखी घरं फिरवत उघडणाऱ्या पेटीपुढे हटून बसली. “आजोबा, सोनेरी बंदूक एका घराने हुकली! पुढच्या पेटीत येणारच!” मेळ्यातही गिऱ्हाइकं हेच म्हणायची. आजोबांनी माळ्यावरचं चक्र उतरवलं. “फिरव.” दरवेळी काटा सोनेरी घर चुकवून शेजारीच थांबला. त्यांनी त्या घरामागे दडवलेला पितळी खिळा उपसला. “म्हणजे पणजोबा लबाड होते?” “पक्के! हे गेमवाले त्यांचे वारसदार.” आजोबांनी खिळा पाकिटात घातला आणि लिहिलं, ‘आमच्या चक्रातला काढला. तुमच्या पेट्यांतला तुम्ही काढा.’ पाकीट नातीने पोस्टाच्या पेटीत टाकलं. नेम धरून.