अकराव्या दिवसाचा ढग

"व्हिंको, बोल. वर काय आहे?" वॉकीटॉकीतून नेझाचा आवाज आला.

व्हिंकोनं कॅमेऱ्याच्या भिंगावरून डोळा काढला. आकाश इतकं निळं होतं की नखानं खरवडलं असतं तर रंग हाताला लागला असता. जाकीट काढून त्यानं दगडावर वाळत घातलं होतं. पायाखाली बोहिनची अख्खी दरी धुक्यात बुडालेली. त्या धुक्याच्या तळाशी, गेस्टहाउसच्या खिडकीत, दिग्दर्शिका नेझा वही उघडून बसलेली असणार.

"ढग," व्हिंको म्हणाला.

"येर्नेय, तुझ्याकडे?"

समोरच्या शिखराच्या टोकावर येर्नेय बसला होता. वय एकोणपन्नास, उजव्या गुडघ्यात तीन स्क्रू. तिथून खाली, कुणाचंच पाऊल न पडलेल्या बर्फावरून, दोन कड्यांमधल्या फटीतून त्याला स्कीवर सुटायचं होतं. सिनेमाचा शेवट तोच होता. भिंगातून व्हिंकोला दिसलं: येर्नेयनं उन्हासाठी डोळ्यांवर आडवा हात धरला आणि दुसऱ्या हातानं वॉकीटॉकी तोंडाशी नेला.

"नाकापुढचं दिसत नाही, बाई."

"अकरा दिवस झाले! आता त्या ढगाचं बारसं तरी करून टाका. अर्धा तास थांबा. मग बघू."

पहिले चार दिवस ढग खरा होता. इतका दाट, की आपण त्यावर जेवणाचा डबा ठेवला आणि तो पडला नाही, असं व्हिंको अजून सांगतो. पाचव्या दिवशी वर लख्ख उघडलं, धुकं तेवढं खाली दरीत राहिलं. व्हिंकोनं भिंग रोखलं, तर येर्नेय बुटाचा चाप लावत होता आणि काढत होता. सात वेळा लावला, सात वेळा काढला. वीस हिवाळे व्हिंको त्याला भिंगातून बघत आला होता; असे अडखळणारे हात त्यानं कधी पाहिले नव्हते. येर्नेय कधी कशाला नाही म्हणाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तेवढा एक शब्द त्याला म्हणता यायचा नाही. व्हिंकोनं बटण दाबलं आणि सांगून टाकलं, ढग आहे. येर्नेयनं लगेच री ओढली. तेव्हापासून दोघं रोज वर चढत, रोज उन्हात बसत आणि खाली आल्यावर त्याबद्दल अवाक्षर काढत नसत.

आजचा अर्धा तास मात्र सरता सरेना. ऊन तिरकं होऊन उतारावर आलं आणि बर्फाचा कण न् कण वेगळा दिसायला लागला. असा उजेड व्हिंकोला आयुष्यात दोनदा मिळाला होता. एकदा कॅमेऱ्यात फिल्म नव्हती आणि एकदा लग्न होतं, त्याचंच. त्याचं बोट आपसूक कॅमेऱ्याच्या बटणावर गेलं. तो मोकळा उतारच टिपू लागला.

आणि त्या मोकळ्या उतारावर, वरच्या कडेला, येर्नेय उभा राहिला.

त्यानं बुटाचे चाप लावले. एकदाच. चष्मा खाली ओढला. स्कीची टोकं कड्याबाहेर सरकवली. उजव्या पायावर भार टाकून पाहिला आणि पटकन काढून घेतला. बर्फाचा एक गोळा सुटला, घरंगळत फटीत गेला आणि दिसेनासा झाला.

कॅमेरा चालू होता. व्हिंकोनं गप्प राहायचं, एवढंच होतं. इतका साधा, इतका सुंदर शेवट त्याला पुन्हा मिळणार नव्हता.

"येर्नेय," तो वॉकीटॉकीचं बटण दाबून म्हणाला, "ढग दाटतोय रे. ऐकलंस का?"

स्कीची टोकं कड्याबाहेरच होती.

"मला तू दिसत नाहीस. अजिबात दिसत नाहीस. तू आत्ता काय करतोयस, ते मला काही दिसलेलं नाही."

मग येर्नेयचा आवाज आला, दमलेला.

"ऐकलं." आणि थोड्या वेळानं, "फारच आहे आज."

स्कीची टोकं एकेक बोट मागे सरकली.

"उतरा खाली," नेझा म्हणाली. "सूप गार होतंय."

दोघं आपापल्या बाजूनं, एकजण कॅमेरा आणि दुसरा स्की खांद्यावर टाकून, मागच्या वाटेनं पायी उतरले. धुक्यात शिरल्यावर एकमेकांना भेटले. येर्नेय लंगडत होता. व्हिंकोनं त्याची एक स्की आपल्या खांद्यावर घेतली. "तुला काय झालं?" असं त्यानं विचारलं नाही, आणि "तू काय पाहिलंस?" असं येर्नेयनंही नाही.

गेस्टहाउसमध्ये नेझानं बार्लीच्या सुपाच्या वाट्या भरल्या आणि मान वर केली. आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. दोघांची नाकं सोलून निघाली होती. गाल तांबडेलाल, आणि डोळ्यांभोवती चष्म्याची पांढरी वर्तुळं. सात दिवसांचं ऊन दोघांच्या तोंडावर होतं. तिच्यामागच्या खिडकीला मात्र अकरा दिवस पांढऱ्याखेरीज दुसरा रंग नव्हता.

नेझा आत गेली, दह्याचं भांडं घेऊन आली आणि दोघांच्या मधोमध ठेवलं.

"आधी तोंडाला चोपडा," ती म्हणाली. "मग जेवा."

दोघांनी निमूटपणे दही लावलं. येर्नेयनं चमचा उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"उद्याचा अंदाज काय आहे?" त्यानं वाटीतच बघत विचारलं.

नेझानं वही ओढली. खिडकीकडे ढुंकूनही न पाहता तिनं पेन्सिल उचलली.

"ढग," ती लिहीत म्हणाली. "पार मार्च संपून बर्फ वितळेपर्यंत."

येर्नेय जेवायला लागला. अकरा दिवसांत पहिल्यांदाच त्यानं दुसरी वाटी मागितली.